जावयाचे बूट

नवऱ्या मुलाचे बूट मुलीकडच्यांनी घ्यायचे, म्हणून बाबा दुपारपासून दुकानात ठाण मांडून बसले होते. धाकटीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. मी थोरली, सासर सोडून कायमची परत आलेली. पिशव्या धरायला सोबत होते.

बाबांनी आणखी एक बूट वाकवून सुरकुत्या पाहिल्या, चामड्याचा वास घेतला, तळ शिवलाय की नुसता चिकटवलाय ते नखाने चाचपलं. मग आतलं अस्तर उचलून मला दाखवलं. "बघ, आत पुठ्ठा! वरची चकाकी बघून घाईत हो म्हटलं, की पहिल्याच पावसाळ्यात पस्तावतो माणूस."

दुकानदाराने जांभई दाबत पुढचा खोका उघडला.

माझे पाय दुखत होते, डोकंही. न राहवून बोलून गेले, "बाबा, माझ्या वेळी तर पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत तुम्ही होकार देऊन टाकलात."

बाबा खोक्यातला नवा बूट उलटा करून बराच वेळ त्याच्या तळाकडे बघत राहिले.

"हा डोळे झाकून घ्या, काका," दुकानदार म्हणाला. "अस्सल चामडं, तळ शिवलेला. जावईबापू खूश होतील. बांधून देऊ?"

"थांबा जरा." बाबांनी बूट हळूच खोक्यात ठेवला. त्यांचा आवाज पार थकला होता. "बूट चांगलाय हो. मुलगाच नीट बघायचा राहिलाय."