कुलपातला डबा

"मोठा नको. कपाटात मावला पायजे, कुलूप लावून," बिभीषण म्हणाला.

शमशादने काउंटरवरचा कॉम्प्युटरचा टॉवर बाजूला सारला आणि वहीएवढा काळा डबा, छोटा कॉम्प्युटरच, पुढे ठेवला. सोलापुरात जुने कॉम्प्युटर विकण्यात तिची निम्मी हयात गेली होती. घरचं नेट एका कॉम्प्युटरमधून गाळून घ्यायचं, नको ते अडवायचं, असलं गिऱ्हाईक तिला नवं नव्हतं. पुढे बाप असायचा आणि मागे मान खाली घातलेलं पोरगं. आज बिभीषणच्या मागे त्याची लेक सृष्टी उभी होती. कॉलेजातली पोर, मान खालीच.

"काय अडवायचंय?"

"रमी. पैशे लावून खेळायची." होटगीला रेल्वेचे सिग्नल सांभाळणारा माणूस, पण आवाज पार बसलेला. "सिमवरचं नेट काढून टाकलं. आता घरचं वाय-फाय तेवढं राहिलं. सोनं गेलं, ताई. राहतं घर जायची पाळी हाय."

शमशादने सृष्टीकडे पाहिलं. एवढीशी पोर आणि हे धंदे! ती कामाचं बोलू लागली. "याला पंखा नाही, म्हणजे आत धूळ ओढत नाही. वायरीला दोन जागा आहेत, एक नेट आत घ्यायला, एक घराकडं सोडायला. आणि हा बंद पडला तरी अडत नाही, नेट सरळ चालू राहतं."

"मग ह्यो नको. आमच्यात सिग्नल बिघडला की लाल होतो. हितंबी तसंच पायजे. कुणी पिन उपटली तर समदंच बंद."

तिने दुसरा डबा काढला. पण गप्प बसवेना.

"ऐकतेस ना गं? बापाला घरातल्याच माणसाची धास्ती. काय वेळ आणलीस त्यांच्यावर. जरा तरी लाज ठेवावी."

सृष्टीने मान वर केली नाही. "हो, चुकलं माझं," एवढंच म्हणाली. बिभीषण लेकीकडे बघतच राहिला.

तासाभरात डबा तयार झाला. शमशादने पासवर्ड चिठ्ठीवर लिहिला आणि बिभीषणसमोर धरला. त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला.

"तिच्याकडं द्या. मला दाखवूबी नका." त्याने घसा खाकरला. "आन् मघाशी तिला बोललात ते मला बोला, ताई. खेळतो मी."