पाणी कंपनीचे चार मालक

"उकळलंय ना?" चहाचा कप हातात घेता घेता रापाताने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"दोनदा," म्हातारा पेने म्हणाला. "तुझ्या आंटीच्या वेळी मात्र कुणाला सुचलं नाही."

न्यूझीलंडच्या त्या कोपऱ्यातल्या वाईतोआ गावाचा रापाता महापौर. हुरिया आंटी त्याच्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. पावसात कुरणांतली मेंढ्यांची घाण गावाच्या विहिरीत उतरली आणि अर्धं गाव आडवं झालं. बाकीचे हळूहळू उठले. आंटी उठली नाही.

विहिरीवर शुद्धीकरण केंद्र बांधायचा ठराव गेल्या वर्षीच पाणी कंपनीपुढे आला होता. कंपनी चार नगरपालिकांच्या मालकीची. चार महापौर, चार मतं. खर्च चौघांत वाटला जाणार, चारही गावांची पाणीपट्टी वाढणार आणि वर्ष निवडणुकीचं. कुणालाच वाईट व्हायचं नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान झालं. बाजूने एक, विरोधात तीन.

"आपला रापाता एकटा पडला," गाव म्हणालं. पुढे निवडणुकीत त्याला भरभरून मतं दिली.

इस्पितळात आंटीने त्याचा हात धरला होता. "तू आमच्यासाठी किती झगडलास रे."

"मी काहीच केलं नाही, आंटी," तो म्हणाला आणि डोळे लपवायला खिडकीशी जाऊन उभा राहिला. मयताला आलेला प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर थोपटून तेच बोलत होता. त्याला वाटत होतं, कुणीतरी एकदा कानाखाली वाजवावी.

आज तोच ठराव पुन्हा आला होता. बैठक वाईतोआच्या सभागृहात, मतदान गावासमोर, हात वर करून. माणसं भिंतींना टेकून उभी होती.

पेने पुढे आला. "आधी तिघांनी उठून माफी मागायची. मग ठराव."

मोठ्या शहराचा महापौर ग्रेनव्हिल उठला. "मी विरोधात होतो. मला लाज वाटते." किनाऱ्यावरची लिनेट उठली, पण तिला हुंदक्यांतून बोलताच येईना. डोंगराकडच्या गावाची महापौर मोराग तेवढी बसून राहिली.

"उठ की बाई! खुर्चीला डिंक लावलाय का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मेंढ्या हिच्याच गावच्या, आणि हिलाच पाझर फुटेना!"

रापाता अर्धवट उठला. "पेने काका, जाऊ द्या. मत घेऊ या."

"तू बस, पोरा. तुझं मन मोठं आहे. आमचं नाही."

ओरडा वाढत गेला. एका बाईने चप्पल काढून हातात घेतली. ग्रेनव्हिल दरवाजाकडे पाहू लागला. चौघं हजर असल्याशिवाय मत घेता येत नव्हतं; तो निघून गेला असता तर मतदानच झालं नसतं.

मोराग रापाताकडे बघत होती. बराच वेळ. मग खुर्ची मागे सारून ती उभी राहिली.

"माफ करा," ती म्हणाली. एवढंच.

सभागृह एकदम निवलं. पेनेने डोळे पुसले. "रापाता, गावाच्या वतीने तिला माफ कर, आणि घ्या मत."

रापाता तिच्यापर्यंत गेला. गावच्या रीतीने त्याने तिच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांत फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात मोराग म्हणाली, "बाजूने पडलेलं ते एक मत माझं होतं, रापाता. या खेपेला तरी तू हात वर कर."