नणंदेचे पाय

फुटबॉल क्लबचा हुकूमच होता: सुट्टीत रोज दहा किलोमीटर पळायचं, आकडे मनगटावरच्या पट्ट्यातून थेट ऑफिसात. आकडा घसरला की पुढचा करार विसरा. इकडे चौतिशीतल्या मिडफिल्डरचा गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. शेवटी तिने तो पट्टा अग्निशमन दलाच्या भरतीसाठी रोज धावणाऱ्या नणंदेच्या हाताला बांधला.

"वहिनी, पकडलं म्हणजे?"

"पळ गं बाई! करार गेला तर जन्मभर घरी बसून तुझ्याच डोक्यावर मिऱ्या वाटीन."

महिन्याभराने कोचचा फोन आला. तिने जीव मुठीत धरून उचलला.

"अगं, करार पक्का! विशीतल्या पोरीसुद्धा एवढं पळत नाहीत."

 

 

"म्हणून मिडफिल्डमधल्या दुसरीला नारळ दिला. यंदा दोघींचं तूच पळायचंस!"