पाणी

मिलवॉकीतल्या बिअरच्या कारखान्याने कामावरून काढून वर्ष झालं, तरी ड्वेनच्या घरी त्याच कंपनीची फिकी लाइट बिअर यायची. त्या शनिवारी बायकोने दुसरीच आणली.

"हे काय आणलंस, लोरेन?"

"तुझ्या बिअरपेक्षा महाग नाही. चव तरी बघ."

"या घरात दुसऱ्याची बिअर नको. उमेदीची सगळी वर्षं मी तिथे काय माशा मारत होतो?"

"आणि जाताना त्यांनी काय दिलं? एक टोपी."

ड्वेनचं डोकं फिरलं. नावं ठेवायचीच, म्हणून त्याने बाटली उघडून एक घोट घेतला. भाजलेल्या जवाची दाट, किंचित कडसर चव जिभेवर रेंगाळली. मग त्याने दुसरा घोट घेतला.

"कोणी केली?"

"लॉइडने. तुझ्या शेजारच्या टाकीवर असायचा ना, तोच. आता स्वतःच गाळा घेऊन करतो."

आता हा खूश होईल, असं लोरेनला वाटलं. ड्वेनने बाटली टेबलावर आदळली.

"म्हणजे आम्हाला हे येत होतं," तो म्हणाला. "येत होतं, आणि जन्मभर आमच्याकडून पाणी भरून घेतलं."