कुंडाची ऊब

सकाळी डॉक्टरांनी माझ्या बायकोच्या, शेवंतीच्या मनगटावरून हात काढला आणि ती गेल्याचं सांगितलं. माझ्या थोरल्या भावाने कळशी उचलली आणि तो कुंडावर गेला.

आमच्या गावात गरम पाण्याची फार जुनी दगडी कुंडं आहेत. लांबून लोक सांधे शेकायला येतात. आम्ही तर आंघोळीसाठी कधी चूलच पेटवत नाही. बाळाची पहिली आंघोळ आणि माणसाची शेवटची, दोन्ही कुंडाच्याच पाण्याने होतात.

वाफाळती कळशी दारात आली तशा शेजारच्या द्वारकाकाकू ओरडल्या, "अरे, निवू दे जरा! पोरीला भाजेल."

सगळे पाणी निवायची वाट पाहत उभे राहिले.

बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवी साडी नेसवली. मग वहिनीने कुंकवाचा करंडा माझ्यापुढे धरला. "भावोजी, शेवटचं कुंकू तुम्ही लावायचं."

मी तिच्या कपाळावर हात ठेवला. "वहिनी, ही ऊन आहे!"

"पाण्याची ऊब आहे ती, भावोजी."

ते मलाही कळत होतं. तरी हात काढवेना. कुणीही न पेटवलेली, जमिनीच्या पोटातली ऊब तिच्या अंगात आली होती आणि माझ्या तळहाताला लागत होती. मी नुसता बघत राहिलो. अशा ऊन कपाळावर शेवटचं कुंकू लावायला माझं बोट पुढे होईना.

बाहेर माणसं खोळंबली होती. अखेर वहिनीनेच कुंकू लावलं. माझ्या हातून ते लावायचं राहिलं.