रिकामी पेटी

नव्या कंडक्टरला पहिल्याच आठवड्यात वाटलं, इथं पाणी कुठंतरी मुरतंय. शेवटच्या गावातून रोज एकच माणूस चढायचं, रोज वेगळं. पुढच्याच फाट्यावर उतरायचं आणि चालत गावाकडे परत.

आज एक आजोबा चढले, मांडीवर पत्र्याची पेटी घट्ट धरून. कंडक्टरनं ती ओढून उघडली. आत नुसती हवा!

"आजोबा, खरं सांगा, काय भानगड चाललीय तुमची?"

आजोबा ओशाळले. "गावात उरलोय मूठभर. थांब्यावर कुणीच चढलं नाही तर गाडी बंद होईल. घरात सुनेचे दिवस भरत आलेत, दवाखान्यात न्यायला हीच एक गाडी. म्हणून गावानं पाळ्या लावल्यात."

"मग ही पेटी कशाला?"

"रिकाम्या हातानं चढलो तर तुम्हाला उगाच संशय यायचा."