शुद्ध मराठीत

थकलेल्या मास्तरांवर संशोधन करणाऱ्या पुण्याच्या बाईंनी चौऱ्याहत्तर साली सोलापूरच्या शाळेत छापील प्रश्नावली वाटली. प्रश्न पार बालपणापासूनचे होते. नाव लिहायचं नव्हतं, फक्त खरं लिहायचं होतं. “नाव नसलं तरी हेडमास्तर अक्षर वळखत्यात की, गुरुजी!” चहा ठेवत शिपाईण सारजाबाई म्हणाली. तरीही शरणप्पा गुरुजींनी कानडी मुलखालगतच्या दुधनीचं घर लिहिलं, वडिलांचा चाबूक लिहिला. ‘मार खाताना काय म्हणायचात?’ या प्रश्नापुढं हात आपसूक लिहून गेला, ‘ब्याड, अप्पा!’ ब्याड म्हणजे कानडीत नको. त्या माराबद्दल त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. पण खिशातली लाल पेन्सिल सवयीची गुलाम. सव्वीस वर्षं पोरांच्या वह्यांतलं कानडी तिनंच हाकललं होतं. तिनं ‘ब्याड’भोवती गोल काढला, शेरा मारला, ‘अशुद्ध. मराठीत लिहा.’ गुरुजींनी कागद फाडून दुसरा मागितला. त्यावर लिहिलं, ‘बालपण सुखात गेलं.’ त्यात एकही चूक नव्हती.